सूर जुळवण्याची जबाबदारी कोणाची? ऑटिझम असलेली मुले आणि त्यांचे थेरपिस्ट

१. विषयाची मांडणी

ऑटिझम, अर्थात स्वमग्नता, ही मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणातून येणारी आणि आयुष्यभर सोबत राहणारी अवस्था आहे. इतरांशी होणारी देवाणघेवाण वेगळ्या रीतीने घडणे, त्याच त्या कृतींची किंवा विषयांची तीव्र ओढ असणे, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांना नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद मिळणे ही तिची ढोबळ लक्षणे असून ती बहुधा वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतात. निदान झाले की घरातल्या रोजच्या बोलण्यात 'थेरपी' हा शब्द शिरतो, आणि त्या एका शब्दाखाली किमान चार निरनिराळी कामे येतात : हालचाली, संवेदना व दैनंदिन कामे यांकडे पाहणारी ऑक्युपेशनल थेरपी, बोलणे आणि संवाद यांकडे पाहणारी स्पीच थेरपी, वर्तनाच्या सवयींवर काम करणारी बिहेविअर थेरपी, आणि शिकवण्याची पद्धत मुलाला जुळवून घेणारे विशेष शिक्षण. या चारही कामांची साधने वेगळी असली तरी ती ज्या पायावर उभी राहतात तो पाया एकच आहे, आणि तो म्हणजे थेरपिस्ट आणि मूल यांचे सूर जुळणे. प्रस्तुत व्याख्यान या पायाविषयी आहे.

सूर जुळणे ही केवळ मोघम भावना आहे असा समज होऊ नये म्हणून तिची शास्त्रीय फोड प्रथम पाहणे योग्य ठरेल. लिंडा टिकल-डेग्नेन आणि रॉबर्ट रोझेन्थाल या अमेरिकी संशोधकांनी १९९० मध्ये अशा नात्याचे तीन घटक सांगितले : एकमेकांकडे असलेले लक्ष, एकमेकांविषयीचा आपलेपणा, आणि दोघांच्या हालचाली व बोलणे यांतला ताळमेळ. लक्ष आहे की नाही हे नजरेवरून, आपलेपणा हसण्यावरून आणि ताळमेळ वेळेवर आलेल्या उत्तरावरून ओळखायची सवय बहुतेक माणसांना असते. नेमकी अडचण इथेच उभी राहते, कारण ऑटिझम असलेले मूल समोरच्याकडे न पाहताही नीट ऐकत असू शकते, त्याचा आनंद चेहऱ्याऐवजी हात फडफडवण्यातून व्यक्त होऊ शकतो, आणि त्याचे उत्तर समोरच्याने आशा सोडल्यानंतर काही सेकंदांनी येऊ शकते. रूढ खुणांवर विसंबणारा थेरपिस्ट अशा वेळी मुलाच्या फाइलमध्ये 'प्रतिसाद नाही' अशी नोंद करतो आणि उणीव मुलाच्या खात्यावर जमा होते.

या व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, सूर जुळणे ही थेरपी सुरू होण्यापूर्वीची औपचारिकता नसून थेरपीचा तो गाभाच आहे, आणि त्यासाठी लागणारे शिकणे आधी मोठ्या माणसाने करायचे असते.

२. इतिहासात या नात्याचे काय झाले

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथून ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि ऑटिझमला वैद्यकशास्त्रात वेगळे स्थान मिळाले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच भावनिक संपर्कातील बिघाडाचा उल्लेख होता, आणि ही मुले माणसांपेक्षा वस्तूंशी अधिक सहजपणे नाते जोडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. हा बिघाड जन्मजात असावा असे त्यांनी त्याच निबंधाच्या अखेरीस म्हटले असले, तरी मुलांच्या आईवडिलांच्या कोरडेपणाविषयीची त्यांची निरीक्षणे पुढे अधिक गाजली. शिकागो येथील निवासी शाळेचे संचालक ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून आईच्या थंडपणामुळे मूल स्वतःत मिटते, हा विचार लोकांपर्यंत नेला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा पिता होता, या अवस्थेचे मूळ जैविक असल्याची साधार मांडणी केली होती; तरीही 'आईचे चुकले' हा आरोप पुसला जायला बराच काळ जावा लागला, आणि भारतीय घरांत तो दबक्या आवाजात अजूनही ऐकू येतो.

यानंतरचे वळण वर्तनवादाचे होते. एखाद्या कृतीनंतर बक्षीस मिळाले तर ती कृती वाढते, या तत्त्वावर कॅलिफोर्नियातील इव्हार लोव्हास यांनी मुलांना लहान लहान टप्प्यांत शिकवण्याची पद्धत उभारली. १९८७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तासांच्या आसपास दोन किंवा अधिक वर्षे शिकवण्यात आले आणि त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत पहिली इयत्ता पार करू शकली, असा दावा होता. मुले शिकू शकतात हे या कामाने ठसवले, आणि कधीच सुधारणार नाहीत म्हणून ज्यांना संस्थांत टाकले जात असे त्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नव्हती. मात्र त्या अभ्यासात मुलांची विभागणी सोडत पद्धतीने झालेली नव्हती, आणि जोरात 'नाही' म्हणणे व प्रसंगी मांडीवर चापट मारणे हाही त्या पद्धतीचा भाग होता. टेबलासमोर बसणे, सांगितल्यावर नजर देणे, हात मांडीवर ठेवणे या गोष्टींना अशा वर्गात इतके महत्त्व आले की मूल ऐकते आहे म्हणजे नाते जुळले आहे, असा गैरसमज रूढ झाला.

गेल्या तीन-चार दशकांत मात्र या दोन टोकांच्या मधला मार्ग रुंद होत गेला. अमेरिकेत स्टॅनली ग्रीनस्पॅन यांनी जमिनीवर बसून मुलाच्या खेळात शिरण्यावर भर दिला, सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी वर्तनशास्त्राची शिस्त आणि खेळातले नाते यांची सांगड घालणारी 'डेन्व्हर' पद्धत विकसित केली, आणि इंग्लंडमध्ये डेव्ह ह्यूएट आणि मेलनी निंड यांनी न बोलणाऱ्या व्यक्तींच्या आवाजांना व हालचालींना उत्तर देत संवाद उभा करण्याची रीत रूढ केली. या पद्धतींत अनेक मतभेद असले तरी मुलाने आधीच सुरू केलेल्या गोष्टीपासून आरंभ करायचा, हे त्या सर्वांना मान्य आहे.

३. न समजणे दोन्ही बाजूंचे असते

ऑटिझम असलेल्या व्यक्तीला दुसऱ्याचे मन कळत नाही, हे विधान अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत निर्विवाद मानले गेले. स्वतः ऑटिझम असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये त्याला एक साधा प्रश्न जोडला : इतरांना तरी ऑटिझम असलेल्या व्यक्तीचे मन कुठे कळते? जगाचा अनुभवच ज्यांना निरनिराळ्या रीतीने येतो अशा दोन व्यक्ती समोरासमोर आल्या की गैरसमज दोन्हीकडून होतात, परंतु संख्येने जास्त असलेल्यांचा गैरसमज 'सामान्य' ठरतो आणि उरलेल्यांचा 'लक्षण' ठरतो. मिल्टन यांनी याला समानुभूतीचा दुहेरी प्रश्न म्हटले.

या विचाराची परीक्षा कॅथरिन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रौढ व्यक्तींवर घेतली. कानगोष्टींच्या खेळाप्रमाणे एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जात राहील, अशा आठ-आठ जणांच्या साखळ्या त्यांनी तयार केल्या. काही साखळ्यांत सर्व व्यक्ती ऑटिझम असलेल्या, काहींत एकही तशी नसलेली, तर काहींत दोन्ही प्रकारच्या व्यक्ती आलटून पालटून होत्या. पहिल्या दोन प्रकारांत गोष्टीचे तपशील सारखेच टिकले. मिश्र साखळीत मात्र ते अधिक वेगाने गळत गेले आणि एकमेकांशी सूर जुळल्याची भावनाही तिथे कमी नोंदवली गेली. पुढे झालेल्या अधिक मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतील ही गळती आढळली नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर अंतिम निर्णय देणे घाईचे होईल. परंतु ऑटिझम असलेल्या व्यक्ती आपसांत इतरांइतकाच उत्तम संवाद साधतात, हा निष्कर्ष दोन्ही वेळा टिकून राहिला, आणि संवादाची क्षमताच नाही, ही जुनी समजूत त्यापुढे टिकत नाही.

थेरपिस्टाच्या दृष्टीने याचा अर्थ व्यावहारिक आहे. मुलासोबतचे पहिले सेशन ही मिश्र साखळीची पहिली कडी असते, आणि त्या कडीत एक बाजू प्रशिक्षित, प्रौढ, पगार घेणारी व आपल्या मर्जीने आलेली असते, तर दुसरी बाजू तीन-चार वर्षांची, अनोळखी खोलीत आणून सोडलेली आणि अनेकदा शब्दांची साथ नसलेली असते. जुळवून घेण्याचे ओझे यांपैकी कोणी उचलायचे, याचे उत्तर न्यायाने एकच येते.

४. खोली, शरीर आणि वेळ

नात्याची सुरुवात थेरपिस्टाच्या बोलण्यापासून होत नाही, ती खोलीपासून होते. संवेदनांची अतितीव्रता किंवा मंदता हा ऑटिझमच्या निदानाचा एक निकष म्हणून २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत अधिकृतपणे समाविष्ट झाला आहे. लुकलुकणारी ट्यूबलाइट, खरखर करणारा पंखा, बाजूच्या खोलीतले रडणे, फरशीला नुकत्याच लावलेल्या फिनाइलचा उग्र वास, थेरपिस्टाच्या बांगड्यांचा आवाज किंवा केसांतला गजरा यांपैकी कोणतीही गोष्ट एखाद्या मुलाचे सगळे लक्ष खाऊन टाकू शकते. दारातून आत यायलाच जे मूल तयार होत नाही त्याला 'हट्टी' ठरवण्याआधी त्या दारातून आत काय काय ऐकू येते आणि कशाकशाचा वास येतो, हे थेरपिस्टाने स्वतः उंबऱ्यात दोन मिनिटे उभे राहून तपासले, तर अर्धे काम होते.

त्यानंतर येते शरीराची ठेवण. समोरासमोर बसून डोळ्यांत पाहणे हे अनेक मुलांना जवळीक न वाटता चाल करून येणे वाटते. त्यामुळे बाजूला, थोडे तिरके, मुलाच्या उंचीवर किंवा त्याहून खाली बसणे अधिक उपयोगी पडते. 'माझ्याकडे बघ' ही सूचना जितक्या लवकर सेशनमधून हद्दपार होईल तितके बरे, कारण नजर देण्यासाठी खर्च झालेली शक्ती ऐकण्यासाठी उरत नाही, असा अनुभव ऑटिझम असलेल्या अनेक प्रौढांनी लिहून ठेवला आहे.

एक उदाहरण जवळून पाहता येईल. चार वर्षांचा एक मुलगा सतरंजीवर बसून पाण्याच्या बाटल्यांची झाकणे एका रांगेत लावतो आहे. निळे, निळे, पांढरे, पुन्हा निळे, निळे, पांढरे. प्रशिक्षणातून आलेला पहिला आवेग प्रश्न विचारण्याचा असतो : हा कुठला रंग? किती झाकणे आहेत? पांढरे मला दे बघू! मुलाच्या बाजूने पाहिले तर हे प्रश्न म्हणजे चाललेल्या कामात अडथळा आहे, आणि शेवटची मागणी तर सरळ सरळ लूट आहे. दुसरी रीत अशी की थेरपिस्ट तीन हात अंतरावर बसतो, स्वतःच्या झोळीतून तशीच झाकणे काढतो, त्याच क्रमाने स्वतःची वेगळी रांग लावू लागतो आणि काहीच विचारत नाही. काही वेळाने मुलगा त्या दुसऱ्या रांगेकडे एक ओझरता कटाक्ष टाकतो. थेरपिस्ट मुद्दाम पांढऱ्याच्या जागी निळे ठेवतो आणि थांबतो. मुलगा सरकत येऊन ते झाकण काढतो आणि पांढरे ठेवतो. त्या क्षणी त्याने दुसऱ्या माणसाच्या कृतीकडे लक्ष दिलेले असते, तिच्यातली चूक ओळखलेली असते आणि ती दुरुस्त करून संवादाला स्वतः सुरुवात केलेली असते. तपासणी-तक्त्यात याला कदाचित एकही गुण मिळणार नाही, पण लक्ष, आपलेपणा आणि ताळमेळ हे तिन्ही घटक तिथे हजर असतात.

मुलाची नक्कल केली की त्याचे लक्ष वाढते, हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. जेराल्डिन डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ व १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, मोठी व्यक्ती मुलाच्या खेळण्याची हुबेहूब नक्कल करू लागली की मुले तिच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहू लागतात, असे आढळले होते. यात वेडावण्याचा लवलेशही येता कामा नये, आणि हात चावणे, डोके आपटणे अशा वेदनेतून येणाऱ्या कृतींची नक्कल कधीच करायची नसते, ही पथ्ये मात्र पाळावी लागतात. त्याहूनही अवघड पथ्य थांबण्याचे आहे. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजून होईपर्यंत गप्प राहणे प्रशिक्षणार्थींना फार जड जाते, तिसऱ्या अंकालाच प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि मुलाच्या मनात तयार होत आलेले उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नाखाली गाडले जाते.

५. कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांत

ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत म्हणण्याला एकोलालिया, म्हणजे प्रतिध्वनी-बोलणे, असे नाव आहे. एकेकाळी ते निरर्थक मानून बंद पाडण्याचा प्रयत्न होत असे. अमेरिकी भाषा-उपचारतज्ज्ञ बॅरी प्रिझंट यांनी १९८० च्या दशकात केलेल्या कामातून मात्र, त्या पुनरुच्चारात मागणी, होकार, स्वतःला धीर देणे, बोलण्याची पाळी राखणे असे अनेक हेतू असतात, हे दिसून आले. मराठी घरात याचे रूप विशेष ठळक असते, कारण मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचे लिंगही सांगते. आईच्या तोंडून 'तुला पाणी हवंय का?' हे ऐकलेले मूल तहान लागल्यावर तेच वाक्य, त्याच हेलात म्हणते. आणि निघताना आई 'मी येते हं' म्हणते म्हणून मुलगाही दाराकडे जाताना 'मी येते' म्हणतो. अशा वेळी 'येते नाही, येतो म्हण' अशी दुरुस्ती करणारा थेरपिस्ट व्याकरण शिकवतो, पण मुलाने आत्ताच व्यक्त केलेली निघण्याची इच्छा ऐकायची विसरतो. आधी इच्छा ऐकून दार उघडणे, आणि मग मुलाच्या बाजूने, त्याला उचलता येईल असे वाक्य, म्हणजे 'मी येतो', सहज बोलून ठेवणे, ही रीत नाते आणि भाषा दोन्ही राखते.

दुसरा प्रश्न घरच्या भाषेचा आहे. पुण्या-मुंबईतील कित्येक कुटुंबांना दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होईल म्हणून घरात इंग्रजीच बोला, असा सल्ला मिळत आला आहे. ऑटिझम असलेल्या मुलांच्या बोलण्यास दुसऱ्या भाषेमुळे अधिक उशीर होतो, असे उपलब्ध अभ्यासांतून दिसत नाही. उलट, ज्या आजीची सगळी माया मराठीतून, कोकणीतून किंवा वऱ्हाडीतून वाहते तिला घरात मोडक्या इंग्रजीत 'कम', 'सिट', 'गिव्ह' एवढेच बोलायला लावणे म्हणजे मुलाभोवतीचे एक पक्के नाते मुके करणे आहे. 'बुवाऽ कुक' किंवा 'आपडी थापडी' यांसारखे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले खेळ म्हणजे पाळी, प्रतीक्षा आणि अपेक्षित आनंद यांची सर्वांत जुनी पाठशाळा आहेत, आणि ते थेरपीत आणण्यासाठी कोणतेही महागडे साहित्य लागत नाही.

जी मुले बोलत नाहीत त्यांच्याबाबत चित्रे, खुणा किंवा टॅब्लेटवरील संवाद-ॲप यांचा आधार लवकर देण्यावर आता भर दिला जातो. आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे ॲप या गरजेतूनच आले. असे साधन दिल्याने मूल बोलायचे टाळेल ही भीती निराधार ठरली आहे. परंतु साधन देणे आणि साधनातून आलेला शब्द मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नात्याची खरी कसोटी दुसऱ्या गोष्टीत लागते.

६. मुलाचा नकार

मानसोपचारातील नात्याविषयी एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये केलेली मांडणी आजही मान्य आहे. तिच्यानुसार उपचार करणारा आणि घेणारा यांच्यात उद्दिष्टाविषयी एकमत, करायच्या कामाविषयी एकमत आणि परस्परांतला बंध असे तीन धागे असतात. ऑटिझमच्या क्षेत्रात उद्दिष्ट आईवडील आणि थेरपिस्ट ठरवतात, काम मुलाला करावे लागते, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. या विषम स्थितीत मुलाच्या हाती मत देण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे नकार.

बिहेविअर थेरपीत 'पेअरिंग' नावाचा एक टप्पा असतो. त्यात थेरपिस्ट मुलाच्या आवडीच्या गोष्टींशी, मग ते साबणाचे फुगे असोत किंवा बिस्किट, स्वतःला जोडून घेतो, जेणेकरून मुलाला त्याची चाहूलही सुखद वाटावी. सुरुवात म्हणून हे चांगलेच आहे. परंतु पुढे तीच आवडती वस्तू काढून घेऊन काम करवून घेण्याचे हत्यार बनली, तर मूल जे शिकते ते एवढेच की, या माणसाजवळ असलेली प्रत्येक आनंदाची गोष्ट सशर्त आहे. मुलाने काम नाकारले तरी थेरपिस्ट त्याच्याशी पूर्वीइतक्याच आस्थेने वागतो का, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या नात्याचे मोल ठरते.

नकार किंचाळण्यापासून सुरू होत नाही. मान फिरवणे, साहित्य हळूच दूर सारणे, अंग ढिले सोडून टेबलाखाली घसरणे, कानांवर हात नेणे, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागणे या त्याच्या आधीच्या पायऱ्या होत, आणि पहिल्या पायरीवरच ज्याची दखल घेतली जाते त्या मुलाला शेवटच्या पायरीपर्यंत चढावे लागत नाही. स्पीच थेरपीत सुरुवातीला 'दे', 'हवं', 'अजून' असे मागणीचे शब्द शिकवले जातात; त्यांच्याच बरोबरीने 'नको' आणि 'बास' हे शब्द, किंवा त्यांची कार्डे, शिकवली गेली पाहिजेत, आणि ती वापरल्यावर काम खरोखर थांबले पाहिजे. प्रत्येक नकार मान्य करता येत नाही हे उघड आहे. औषध घ्यावेच लागते, रस्त्यावर हात धरावाच लागतो. अशा वेळी आधी सांगणे, किती वेळ लागेल ते दाखवणे आणि करण्याच्या पद्धतीत निवड देणे शक्य असते. मोठ्या माणसाचे सगळे काही निमूट ऐकायची सवय लागलेले मूल शोषणाला सहज बळी पडू शकते, ही गोष्ट आज्ञाधारकपणाचे कौतुक करताना सहसा कोणी लक्षात घेत नाही.

७. मँचेस्टर ते गोवा

सूर जुळवण्याचे काम मोठ्यांनी शिकले तर मुलात बदल होतो का, याची काटेकोर परीक्षा ब्रिटनमध्ये मँचेस्टर येथील जोनाथन ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली झाली. 'पॅक्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात दोन ते पाच वर्षे वयाच्या १५२ मुलांची सोडत पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली आणि निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. यात थेरपिस्ट मुलाला शिकवत नाही. तो आईवडील आणि मूल यांच्या खेळाचे चित्रीकरण करतो आणि नंतर ते त्यांच्यासोबत पाहत, मुलाने केलेली बारीकशी सुरुवात कुठे होती, तिला उत्तर कुठे मिळाले आणि ती कुठे हुकली, हे त्यांना स्वतःच शोधू देतो. परिणामी पालकांच्या प्रतिसादातील ताळमेळ ठळकपणे वाढला, मुलांकडून संवादाची सुरुवातही वाढली. लक्षणांच्या तीव्रतेत मात्र त्या वेळी निर्णायक फरक दिसला नाही. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांचा पाठपुरावा केल्यावर उपचार-गटातील लक्षणांची तीव्रता तुलनेने कमी आढळली, आणि ते निष्कर्ष २०१६ मध्ये जाहीर झाले.

याच पद्धतीचे दक्षिण आशियाई रूप गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत तपासले गेले. गोव्यात हे काम 'संगाथ' या संस्थेने केले. विशेषज्ञ मोजकेच आणि गरजू मुले अनेक, ही इथली परिस्थिती असल्यामुळे काम थेरपिस्टांऐवजी खास प्रशिक्षण दिलेल्या बिगर-तज्ज्ञ आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती सोपवण्यात आले. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांच्या या अभ्यासात पालकांचा ताळमेळ वाढला आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र घटला. हा उलटा निष्कर्ष संशोधकांनी लपवला नाही, आणि तो लक्षात ठेवणेच योग्य, कारण एका लहान अभ्यासावरून घोषणा करणे या क्षेत्राला वारंवार महागात पडले आहे. तरीही हे कौशल्य पदवीत दडलेले नसते, ते शिकवता येते आणि ते आईवडिलांपर्यंत पोहोचले तर आठवड्याच्या एका तासात अडकून राहत नाही, एवढे या प्रयोगाने आपल्या शेजारीच सिद्ध केले आहे.

८. व्यवस्थेकडून अपेक्षा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्रासाठी भारतीय बनावटीची ४० मुद्द्यांची मापनश्रेणी वापरली जाते. तिच्यातील कित्येक मुद्दे नजर, हसणे, इतरांशी मिसळणे यांविषयीचे आहेत. अनोळखी खोलीत, पहिल्याच भेटीत, घाईघाईने भरलेला असा तक्ता मुलाचे जितके मोजमाप करतो तितकेच त्या भेटीचेही करतो. म्हणून मूल खोलीला आणि माणसाला सरावल्यावर, आणि आईवडिलांकडून घरच्या वागण्याची सविस्तर माहिती घेऊनच तो भरला जावा.

महाराष्ट्रात प्रशिक्षित थेरपिस्ट बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत, आणि तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्या आईसाठी पाऊण तासाच्या सेशनमागे अख्खा दिवस जातो. त्या पाऊण तासात तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवणे हा सर्वांत मोठा अपव्यय आहे. तिला आत घेतले पाहिजे. पहिली काही सेशन्स कोणत्याही उद्दिष्टाशिवाय केवळ ओळखीसाठी राखून ठेवली पाहिजेत, आणि त्यांना 'वाया गेलेले पैसे' समजू नये हे पालकांना आधीच समजावून सांगितले पाहिजे. थेरपिस्ट दर काही महिन्यांनी बदलत असेल तर जुना आणि नवा यांनी काही सेशन्स एकत्र घेतली पाहिजेत, कारण मुलासाठी तो बदल म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात असते. बरोबर उत्तरांच्या टक्केवारीसोबत मुलाने आपणहून काय सुरू केले आणि त्याच्या किती नकारांना मान मिळाला, याचीही नोंद व्हायला हवी. आणि थेरपिस्ट घडवणाऱ्या महाविद्यालयांनी ऑटिझम असलेल्या प्रौढ व्यक्तींना केवळ 'केस' म्हणून सादर न करता अध्यापक म्हणून वर्गात बोलावले पाहिजे.

यांपैकी एकाही गोष्टीला नवे यंत्र, नवी इमारत किंवा परदेशी प्रमाणपत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो देण्याची संस्थेची तयारी. ती तयारी होईपर्यंत प्रत्येक थेरपिस्टाने निदान एक नियम स्वतःला लावून घ्यावा : मुलाच्या फाइलमध्ये 'सहकार्य करत नाही' असे लिहिण्यापूर्वी, त्या मुलाशी सहकार्य करण्यासाठी आपण काय काय करून पाहिले, हे त्याच पानावर आधी लिहावे, आणि पालकांनी ते पान मागून वाचावे.